ना हरकत दाखला, पर्वरी आणि एक डावखुरा सलामीवीर

भारताचा डावखुरा सलामीवीर यशस्वी जयस्वाल मुंबई सोडून गोव्याकडून रणजी खेळणार, ही बातमी एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात आली आणि मे महिना सरायच्या आत विरूनही गेली. तरी ‘तो आमच्याकडे आला होता की नव्हता?’ हा प्रश्न गोव्यात अजून निघतो. उत्तर एका कागदात आहे, आणि बहुतेकांचा गोंधळही त्या कागदापाशीच होतो.

मुंबईत आझाद मैदानावरच्या तंबूत राहणं, पाणीपुरीच्या गाडीवर काम करणं हे सगळं वाचकांना पाठ आहे. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला हा मुलगा मुंबईलाही बाहेरचाच होता, एवढं फक्त ध्यानात ठेवावं. ऑक्टोबर २०१९मध्ये झारखंडविरुद्ध त्याने २०३ धावा काढल्या तेव्हा वय होतं १७ वर्षं २९२ दिवस. एकदिवसीय सामन्यात इतक्या लहान वयात द्विशतक कुणी केलं नव्हतं. जुलै २०२३मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध रोसोला कसोटी पदार्पणात १७१. पुढच्या वर्षी इंग्लंडविरुद्ध विशाखापट्टणमला २०९, राजकोटला नाबाद २१४ आणि त्या एकाच डावात १२ षटकार. मालिकेत एकूण ७१२. एका कसोटी मालिकेत सातशेच्या पुढे त्याच्याआधी एकच भारतीय गेला होता, सुनील गावस्कर, अर्थात तो दोनदा.

असा फलंदाज जानेवारी २०२५मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून रणजी खेळला, ४ आणि २६ धावांवर बाद झाला, मुंबई हरली. दोन महिन्यांनी त्याने मुंबईच्या संघटनेकडे ना हरकत दाखला मागितला. तो लगेच मिळालाही. गोव्याने नेतृत्वाची संधी देऊ केली आहे, असं त्याने स्वतःच सांगितलं. ड्रेसिंग रूममधल्या रुसव्याफुगव्यांच्या कहाण्याही तेव्हा छापून आल्या. त्या इथे सोडून देऊ.

आता तो दाखला. गोव्यात घर दुरुस्त करायचं तरी पंचायतीचा ‘ना हरकत’ लागतो, त्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. आणि नुसता दाखला हातात आला म्हणून घर उभं राहत नाही, हेही आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? क्रिकेटमध्येही तसंच. जुन्या संघटनेचा दाखला म्हणजे ‘तुम्ही जायला मोकळे’, एवढाच अर्थ. तो नव्या संघटनेकडे आणि भारतीय क्रिकेट मंडळाकडे (बीसीसीआय) जाऊन नोंदणी झाली, की मग खेळाडू तिकडचा. मे महिन्यात त्याने मुंबईला लेखी कळवलं की कुटुंबासह गोव्याला राहायला जायचा बेत होता, तो आता राहिला. दाखला मागे घेऊ द्यावा. त्याच पत्रात आणखी एक ओळ होती, ती फारशी कुणी वाचली नाही: हा दाखला आपण मंडळाकडेही दिलेला नाही आणि गोव्याकडेही नाही. जूनअखेर मुंबईने त्याचं म्हणणं मान्य केलं.

म्हणजे कागदोपत्री तो एक दिवसही गोव्याचा नव्हता. ‘गोव्याकडे गेला’ हे मथळे जसे चुकीचे, तसे ‘गोव्याला सोडून गेला’ हेही. माझं मत विचाराल तर घाई आपल्याकडूनच जास्त झाली. कागद खिशातून बाहेर यायच्या आधी कर्णधारपदाची चर्चा सुरू झाली, आणि ती अशा वेळी, जेव्हा इथला संघ प्लेट गट, म्हणजे रणजीतला खालचा गट, जिंकून नुकताच वर आला होता. ज्यांनी तो वर आणला त्यांना हे कसं वाटलं असेल?

दुसरा गुंता ‘व्यावसायिक’ या शब्दाचा. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मानधन सगळेच घेतात. पण ‘व्यावसायिक’ म्हणायचं ते करार करून दुसऱ्या राज्यातून आणलेल्याला. मैदानावर लोक सरळ ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, म्हणून मोकळे होतात. डिसेंबर २०२२मध्ये गोव्यातल्या पर्वरीच्या मैदानावर राजस्थानविरुद्ध अशाच एका नव्या पाहुण्याने, अर्जुन तेंडुलकरने, रणजी पदार्पणात १२० केल्या. त्याच्या वडिलांनीही, सचिनने, १९८८मध्ये रणजी पदार्पणात शतक ठोकलं होतं, त्यामुळे देशभर गाजावाजा झाला. त्याच डावात इथल्याच एका फलंदाजाने २१२ केल्या होत्या. ते किती जणांना आठवतं?

नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच मैदानावर अरुणाचल प्रदेश ८४ धावांत गारद झाला. त्यातले पाच बळी त्या पाहुण्याचेच, हेही सांगायला हवं. मग गोव्याच्या दोघांनी तिसऱ्या विकेटसाठी अभेद्य ६०६ धावा रचल्या: एक नाबाद ३१४, दुसरा नाबाद ३००. मोडला तो महाराष्ट्राच्या जोडीचा २०१६चा ५९४ धावांचा रणजी विक्रम. प्रथम श्रेणीत याहून मोठी भागीदारी एकच, कोलंबोतली २००६ची ६२४. समोरचा संघ दुबळा होता, हे खरं. पण धावा काही आपोआप होत नाहीत.

जुनी बाजू थोडक्यात. मडगावात जन्मलेला एक फलंदाज, दिलीप सरदेसाई, १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूरला भारताकडून पहिली कसोटी खेळला आणि २८ धावांवर हिट विकेट झाला. त्या दिवशी मडगावात पोर्तुगीज अंमल होता. गोवा मुक्त झाला तो १८ दिवसांनी. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याने ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२. रणजी मात्र तो मुंबईकडूनच खेळला, कारण गोव्याचा संघ रणजीत उतरला १९८५-८६ला, त्याची शेवटची कसोटी होऊन तेरा वर्षं झाल्यावर. त्याच्यावेळी ना हरकत मागायला इथे कुणी नव्हतंच.

२०२५-२६च्या हंगामात गोवा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्याबरोबर वरच्या गटात खेळला. डावखुरा सलामीवीर नोव्हेंबरात जयपूरला राजस्थानविरुद्ध उतरला, मुंबईकडून. पहिल्या डावात ६७, दुसऱ्यात १५६.