ख्रिस्ताचे सर्वव्यापी प्रभुत्व

उपासना, घरसंसार, धंदा, शिक्षण, कला, राज्यकारभार यांपैकी काहीही देवाच्या अधिकाराबाहेर नाही, असे मानणारा ख्रिस्ती सिद्धांत. स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार आपल्याला दिला आहे, हे ख्रिस्ताचे वचन (मत्तय 28:18) त्याचा मुख्य आधार.

ही श्रद्धा सगळ्याच ख्रिस्ती पंथांत आढळते, पण तिची नेटकी मांडणी झाली ती सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या परंपरेत. नेदरलँड्सचे पाळक, संपादक आणि पुढे पंतप्रधान (1901–05) झालेले अब्राहम कायपर यांनी 1880 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितले, की मानवी जीवनातील तसूभर जागाही ख्रिस्ताने ‘माझी’ म्हटल्यावाचून सोडलेली नाही. यावरून चर्चने सगळीकडे हुकूम चालवावा असा अर्थ काढला जातो; कायपर यांना नेमके उलट अभिप्रेत होते. कुटुंब, विद्यापीठ, चर्च, शासन यांना आपापला अधिकार थेट देवाकडून मिळतो, म्हणून एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये. म्हणजे शासनालाही कुंपण आले. हिटलरच्या काळात जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चच्या प्रतिनिधींनी बार्मेन येथे केलेल्या घोषणेने (1934) याच श्रद्धेच्या बळावर चर्चवरील सरकारी वर्चस्व नाकारले. दुसरीकडे, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थकांनी कायपर यांचेच विचार सोयीने वापरले, हा या सिद्धांताच्या इतिहासातील काळा भाग आहे.

इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम 1877 मध्ये सुरू झाले. हा पंथ कॅल्व्हिनच्याच परंपरेतला. त्यामुळे शिकवणे आणि रोग्याची सेवा करणे हीही देवाचीच कामे, या समजुतीला माळव्यात संस्थांचे रूप मिळाले. इंदूर ख्रिश्चन कॉलेज (1887) त्यांतलेच. किशोरकुमार याच कॉलेजात शिकले. सिद्धांत काटेकोर लावायचा, तर सिनेमाचे गाणेही प्रभूच्या हद्दीतच येते!

इंदूरच्या मराठी वाचकाला येथे अहिल्याबाई होळकर आठवणे साहजिक आहे. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहतो, ही त्यांची धारणा होती आणि आज्ञापत्रे ‘श्री शंकर’ नावाने निघत. साम्य खरे, पण मर्यादित. तेथे दैवी अधिकार राज्यकर्त्याच्या हातून खाली उतरतो. कायपर यांच्या मांडणीत शाळामास्तर, गवंडी आणि आई यांना तो दरबाराच्या मध्यस्थीविना मिळतो आणि त्याचा हिशेबही त्यांनी देवालाच द्यायचा असतो.