भिशी

भिशी : ओळखीतल्या माणसांनी ठरावीक मुदतीने सारखी रक्कम एकत्र करून ती पाळीपाळीने एकेकाने उचलण्याची, अथवा वर्षभर साठवून सणाच्या तोंडावर वाटून घेण्याची बचतीची पद्धत. कोल्हापूर शहर, इचलकरंजी आणि भोवतालच्या ऊस-दुधाच्या गावांत ती पेठांतील तालीम व तरुण मंडळे, कारखान्यांतील कामगार, भाजीविक्रेते आणि गल्लीतील महिला यांच्यात रूढ आहे. हातात आलेला पैसा किरकोळ मोहात खर्चून जाऊ नये, यासाठी तो हातात येताच दुसरीकडे गुंतवून टाकणे हे तिचे खरे प्रयोजन होय.

व्युत्पत्ती : शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. एक मत तो ‘वीस’ या संख्येशी जोडते. वीस सभासद किंवा वीस हप्ते हा मूळ अर्थ असावा. संस्कृत ‘विंशति’चे मराठीत ‘वीस’ व हिंदीत ‘बीस’ झाले. त्यामुळे हा शब्द आद्य ‘ब’सह उत्तरेकडून, बहुधा व्यापारी किंवा लष्करी पेशाच्या लोकांबरोबर आला असे मानावे लागते. हिंदीत या व्यवहाराला ‘बीसी’ म्हणतात, हे या मताला पोषक आहे. ‘ब’चा ‘भ’ कसा झाला, हा या मतावरील नेहमीचा आक्षेप. परंतु पुढे ऊष्म वर्ण (श, ष, स यांसारखा) असता आद्य ‘ब’ महाप्राण, म्हणजे ‘भ’, होण्याची उदाहरणे जुनी आहेत : संस्कृत ‘बुस’चे मराठीत ‘भूस’ झाले आणि कमळाच्या देठाच्या अर्थाच्या ‘बिस’चे प्राकृतात ‘भिस’ झाले. ‘स’चा ‘श’ होणे तर पुढे ‘ई’कार आल्यास मराठीत सर्रास आढळते (म्हैस–म्हशी, वीस–विशी). दुसरे मत खानावळीकडे बोट दाखवते. गुजरातीत ‘वीशी’ म्हणजे भोजनगृह, आणि मराठीतही अनेकांनी मिळून चालवलेल्या सामाईक स्वयंपाकाला भिशी म्हणतात. वर्गणीच्या जेवणावरून वर्गणीच्या पैशाकडे अर्थ सरकला, अशी ही मांडणी आहे. ती आकर्षक असली, तरी खानावळीचा शब्द स्वतःच संख्येवरून आलेला असण्याची शक्यता तिच्यामुळे दूर होत नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून (बी. सी.) शब्द लावण्याची तिसरी रीत मागाहून सुचलेली दिसते. प्रस्तुत नोंदीत संख्यावाचक मताला झुकते माप दिले आहे.

नाव उत्तरेचे असले, तरी रीत दक्षिणेची असणे अशक्य नाही. केरळातील ‘कुरी’ आणि तमिळ-कन्नड प्रदेशांतील चिट हे याच जातीचे व्यवहार असून कोल्हापूरचा कर्नाटकाशी बाजारपेठेचा संबंध जुना आहे. भिशी मुख्यतः विश्वासावर आणि साध्या वहीवर चालत आल्यामुळे तिच्या कोल्हापुरातील आरंभाचे साल सांगता येत नाही. नगदी पिके व रोख मजुरी यांच्याबरोबर, म्हणजे साधारणपणे विसाव्या शतकात, ती पसरली असावी.

प्रकार : चिठ्ठीच्या भिशीत दर महिन्याला नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. बारा जणींनी १,००० रुपये भरले, की १२,००० रुपये जमतात. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचे कपटे गुंडाळून स्टीलच्या वाटीत टाकले जातात, घरातले लहान मूल एक उचलते आणि ‘भिशी लागली’ त्या बाईच्या नावापुढे वहीत खूण होते. पुढच्या महिन्यात तिची चिठ्ठी टाकत नाहीत, हप्ता मात्र शेवटपर्यंत भरावा लागतो. मुलीचे लग्न, कॉलेजची फी किंवा दवाखाना निघाला, तर पाळी आपसांत बदलून देतात. ही सवलत नियमात लिहिलेली नसली, तरी ती मोडणारी भिशी फार दिवस टिकत नाही.

बोलीच्या भिशीत गरजू सभासद कमी रकमेवर समाधान मानून भिशी उचलतो. वीस जणांच्या ५,००० रुपयांच्या भिशीत १,००,००० रुपये जमतात. एखाद्याने ८४,००० रुपयांवर उचल घेतली, तर राहिलेले १६,००० रुपये वीस जणांत वाटले जाऊन प्रत्येकाचा त्या महिन्याचा हप्ता प्रत्यक्षात ४,२०० रुपयांवर येतो. व्यापाऱ्यांत हा प्रकार अधिक चालतो. बचतीपेक्षा तो कर्जाच्या अंगाने जातो.

तिसरा प्रकार वर्षाच्या भिशीचा. दर आठवड्याला पैसे गोळा करायचे, मधल्या काळात सभासदांनाच व्याजाने द्यायचे आणि दिवाळीच्या आधी मुद्दल-व्याजासह ‘भिशी फोडायची’. मानववंशशास्त्रज्ञ शर्ली आर्डनर यांनी १९६४ मध्ये केलेल्या फिरत्या भिशीच्या व्याख्येत जमलेला निधी पूर्णतः वा अंशतः सभासदांना पाळीपाळीने मिळणे आवश्यक आहे. त्या कसोटीवर हा प्रकार फिरत्या भिशीत बसत नाही. मात्र लोक दोन्हींना एकच नाव देतात आणि तालमीच्या कट्ट्यावर हा भेद कोणी करत नाही.

बचतीमागील कारण : चिठ्ठीच्या भिशीत व्याज मिळत नाही, तरीही लोक तिच्यात पैसे का ठेवतात, याचा अर्थशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. बेस्ली, कोट व लाउरी यांनी १९९३ मध्ये दिलेले उत्तर मुख्यतः हिशेबाचे आहे. वरील उदाहरणातील बाईला एकटीने १२,००० रुपये साठवायला बारा महिने लागतात. भिशीत ते सरासरी साडेसहा महिन्यांत मिळतात आणि शेवटच्या चिठ्ठीवालीचाही उशीर होत नाही. पण मग ती शेवटची बाई भिशीत येते कशासाठी, हे या हिशेबातून कळत नाही. अँडरसन व बालँड यांनी २००२ मध्ये नैरोबीच्या किबेरा वस्तीतील अभ्यासावरून असे मांडले, की घरातील पैसा नवऱ्याच्या खर्चापासून वाचवण्यासाठी स्त्रिया असे गट करतात. गगर्टी यांनी २००७ मध्ये केनियातीलच अभ्यासावरून स्वतःच्या मनाला बांधून घेण्याचे कारण पुढे केले : एकट्याने बचत होत नाही, चारचौघांत होते.

कोल्हापूरच्या संदर्भात हे शेवटचे कारण सर्वांत वजनदार वाटते. येथे पैसा गाठीगाठीने येतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी, यंत्रमागावरची मजुरी आठवड्याने आणि उसाचे बिल हंगामात एकदम येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते लांबले की उधारी वाढते, आणि आले की महाद्वार रोडवरची खरेदी, नवी मोटारसायकल, हप्त्यावरचा मोबाइल असे त्याला पाय फुटतात. म्हणून जाणती चालक भिशीची तारीख बिलाच्या किंवा पगाराच्या दुसऱ्याच दिवशी धरते. हप्ता चुकला तर दंड थोडकाच असतो. खरा धाक शेजारणीने दारात येऊन विचारण्याचा. उचललेली रक्कमही उधळली जाऊ नये, म्हणून काही गटांत ती कशासाठी हवी हे आधी सांगावे लागते, आणि बऱ्याच बायका ती घेऊन थेट गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जातात. सोने हा गुंतवणुकीचा उत्तम मार्ग आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण रोख रकमेपेक्षा पाटल्या मोडायला मन सहज धजत नाही, हे या निवडीमागचे शहाणपण आहे.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये असे गट ही शेतीप्रधान समाजाकडून व्यापारी समाजाकडे जाणारी मधली पायरी मानली होती आणि बँका आल्यावर ते मागे पडतील असा त्यांचा अंदाज होता. सहकारी बँका व पतसंस्था यांचे दाट जाळे असलेल्या कोल्हापुरात तो खरा ठरलेला नाही.

इतर साधने : रोज दुकानात येऊन पैसे नेणारी पिग्मी ठेव १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली; तिचे तत्त्व भिशीसारखेच असून माणूस मात्र परका असतो. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा उपक्रम १९९२ चा. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला व भिशीला तो नाही.

कायदा व जोखीम : १९८२ च्या चिट फंड कायद्याच्या व्याख्येत चिट, चिट्टी, कुरी ‘अथवा अन्य कोणत्याही नावाचा’ असा व्यवहार येतो, त्यासाठी पूर्वपरवानगी व नोंदणी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने चालकाच्या कमिशनची कमाल मर्यादा ५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर नेली. सभासदांना व्याजाने पैसे देणाऱ्या भिशीला महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदाही लागू होण्याचा संभव असतो. घरगुती भिशी यांतील कशाचीही नोंद न करता चालते, त्यामुळे ती ‘बुडाली’ तर हाती वहीशिवाय पुरावा राहत नाही. सुरुवातीला उचल घेतलेल्याने पुढचे हप्ते थकवणे, किंवा एकाच चालकाने अनेक भिश्या चालवून एकीचे पैसे दुसरीत फिरवणे, ही बुडण्याची नेहमीची कारणे. सभासद एकाच गल्लीतले असणे, एका माणसाने एकच नाव (एकच हिस्सा) घेणे आणि जमलेली रक्कम त्याच बैठकीत उठणे या तीन जुन्या रीती पाळल्या, की धोका पुष्कळ कमी होतो.

अलीकडे हप्ता यूपीआयने पाठवतात आणि खूण वहीऐवजी व्हॉट्सअॅपच्या गटावर होते. चिठ्ठी काढायला मात्र बहुतेक ठिकाणी अजून एकीच्या घरी जमतात, आणि ज्या बाईला भिशी लागते तिच्याकडे पुढच्या महिन्याचा चहा असतो.