डिझेल प्यायलेली ओबीएम आणि हरवलेलं पिकअप

हर्णे असो की देवगड, बंदरातल्या मोठ्या मासेमारी नौका डिझेलवर चालतात. खाडीतल्या लहान होड्या आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी मात्र बऱ्याचदा पेट्रोलच्या आउटबोर्ड मोटरवर, म्हणजे ओबीएमवर. दोन्हींचे कॅन एकाच धक्क्यावर आणि पुष्कळदा एकाच रंगाचे. त्यामुळे २४ लिटरच्या पेट्रोल टाकीत दोन-तीन लिटर डिझेल जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल वाटतं ते पुढे. चूक लक्षात येते, टाकी रिकामी होते, ताजं पेट्रोल भरलं जातं, आणि तरीही मशीन धूर ओकत, अर्ध्या दमाने चालतं. थ्रॉटल पूर्ण दिला तर आवाज घुसमटतो आणि बोटीचं नाक काही पाण्यावर येत नाही.

यातल्या बऱ्याच मोटरी टू-स्ट्रोक असतात, आणि याचं कारण त्या टू-स्ट्रोकच्या पोटात आहे. कारच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरकडे जातं, क्रँकशाफ्ट खाली वेगळ्या ऑइलमध्ये फिरत असतो. टू-स्ट्रोकमध्ये कार्ब्युरेटरमधून आलेलं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद खोलीत शिरतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या मार्गांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणूनच ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. लुना किंवा जुनी स्कूटर चालवलेल्यांना पंपावर पेट्रोलबरोबर मापाने घातलेलं टूटी ऑइल आठवत असेल, तोच हिशेब. पेट्रोल साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून उकळायला लागतं आणि दोनशेच्या आसपास संपतं. डिझेलची सुरुवातच १७० च्या पुढे होते आणि शेपूट साडेतीनशेपर्यंत जातं. क्रँककेस तेवढी तापत नाही. मग पेट्रोल उडून वर जातं आणि डिझेल तळाशी साचून राहतं. टाकी बदलली तरी हे डबकं तिथेच असतं. त्यातले थेंब मधूनमधून वर जातात आणि प्लग ओला करतात.

दोन सिलिंडरच्या मोटरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या खालची खोली वेगळी, सीलबंद असते. एक साफ होते, दुसरी भरलेलीच राहते. ‘अर्धा दम’ हा शब्द अशा वेळी अगदी शब्दशः खरा असतो.

‘फुल थ्रॉटलवर पळव, जळून जाईल’ हा धक्क्यावरचा ठरलेला सल्ला. तो ऐकू नये. डिझेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद, फारच कमी. पेट्रोल इंजिनात भाराखाली ते ठिणगीची वाट न पाहता पेटतं, पिस्टनवर हातोडे पडल्यासारखे धक्के बसतात. गाडीत हा ‘नॉक’ ऐकू तरी येतो. ओबीएमच्या गोंगाटात तो बुडून जातो, आणि कळतं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडलेले किंवा रिंगांच्या खाचा तुटलेल्या असतात.

आधी खात्री करा. रंगावर जाऊ नका, कारण टू-स्ट्रोक ऑइललाच निळा किंवा हिरवा रंग असतो आणि तो सगळं झाकतो. पांढऱ्या कागदावर संशयित मिश्रणाचा एक थेंब टाका आणि शेजारी खात्रीच्या मिश्रणाचा एक. नुसत्या पेट्रोलचा डाग उडून जातो, पण मिश्रणात ऑइल असल्यामुळे चांगल्या थेंबाचंही फिकट कडं उरतं. म्हणून तुलना हवीच. अर्ध्या तासानेही पसरट, ओलसर, तेलकट डाग राहिला तर डिझेल आहे. थोडं मिश्रण काचेच्या बरणीत काढून तासभर स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे, आणि मग उपाय थोडा बदलतो. त्याबद्दल पुढे.

काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. बॅटरीच्या तारा सोडवा, विडी-सिगारेट लांब. टाकी रिकामी करा, थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून तेही टाकून द्या. नळी आणि हातपंपाचा रबरी फुगा दोन्हीकडून सोडवून निथळू द्या, नुसत्या फुग्यातही घोटभर डिझेल उरतं. फिल्टरची वाटी धुवा, कागदी फिल्टर असेल तर नवा टाका. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू काढून वाटी रिकामी करा. वाटीत तेलकट थर किंवा कचरा दिसला तर ती उघडा, मेन जेट आणि आयडल जेट काढून कार्ब क्लीनरने व हवेने साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

आता क्रँककेस. नेमकं हेच काम बहुतेकदा राहून जातं. दोन्ही प्लग काढा. स्टॉप स्विचची क्लिप ओढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि प्लगच्या टोप्या इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. उघड्या टोप्यांवर इंजिन फिरवलं तर इग्निशनचं सीडीआय युनिट खराब होऊ शकतं. चोक लावू नका, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या भोकांवर फडकं धरा आणि स्टार्टरची दोरी पंधरा-वीस वेळा ओढा. फडक्यावर डिझेलचा फवारा येईल. मग कार्ब्युरेटरच्या तोंडातून चमचाभर ताजं मिश्रण सोडून पुन्हा ओढा. फडकं जवळपास कोरडं येईपर्यंत हे करत राहा. दंड भरून येतात, पण याला पर्याय नाही. प्लग बसवण्याआधी कव्हर उघडंच ठेवून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या.

जुने प्लग पुसून वापरता येतात, पण चिनी मातीत शिरलेली काजळी भाराखाली ठिणगी चोरते, म्हणून नवेच घालावेत. अनेक १० ते १५ हॉर्सपॉवरच्या मोटरींना एनजीके बी७एचएस-१० लागतो. शेवटचा १० म्हणजे १.० मिलिमीटर गॅप. तुमच्या मोटरचा नंबर मात्र तिच्या पुस्तकातून घ्या. प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा.

नवं मिश्रण बहुतेक आधुनिक मोटरींसाठी ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलि, २४ लिटरला ४८०. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच हवं. स्कूटरचं टूटी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असतं. त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख पाण्याने थंड होणाऱ्या मोटरमध्ये प्लगवर आणि पिस्टनवर बसते. ‘थोडं जास्त ऑइल बरं’ हेही खरं नाही. जास्त ऑइलने तेवढंच पेट्रोल कमी जातं, धूर आणि कार्बन वाढतो.

मोटर पाण्यात ठेवूनच सुरू करा आणि थंड पाण्याची धार बाहेर येते ना, ते पाहा. पहिली दहा-पंधरा मिनिटं हलक्या वेगात धूर येईलच. तो कमी झाला की हळूहळू भार द्या. बऱ्याच लहान ओबीएम पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात चालायला हव्यात.

अजूनही पिकअप नसेल, तर मशीन अडखळत असतानाच कुणाला तरी फुगा दाबत राहायला सांगा. वेग वाढला तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात आहे: पंपाचा पातळ पडदा, नळीतली हवा, किंवा कनेक्टरची रबरी कडी. फुगा आपोआप चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. टाकी धुताना तो बंद केला जातो आणि तसाच राहतो. पाच मिनिटं झकास चालून बंद पडणाऱ्या मोटरमागे बरेचदा एवढंच असतं. वेग वाढला नाही तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. दोन सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंग अडकली किंवा तुटली आहे, आणि मग मिस्त्रीकडे न्यायचं. फेऱ्या भरपूर आणि बोट हळू असेल, तर इंजिन निर्दोष आहे. पंख्याच्या आतली रबरी बुश घसरते आहे.

पाण्याची भेसळ वेगळी आणि जास्त घातक. २०२३ पासून देशात ई२० पेट्रोल येऊ लागलं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी शोषतं. खाऱ्या, दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्महिने पडून राहिली आणि त्यात पाणी वाढत गेलं, की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते, म्हणजे इंजिनला बिनऑइलचं पाणीदार इथेनॉल जातं. इथे मंदपणा काही मिनिटांचाच, पुढे पिस्टन जाम. अशी टाकी हलवून, वर पेट्रोल ओतून थर पुन्हा एक होईल या भरवशावर राहू नये. सगळं काढून टाका, आणि बेअरिंगांना ऑइल मिळावं म्हणून पहिली टाकी २५ ला १ ची, लिटरला ४० मिलि, चालवा.

काढलेलं डिझेल-पेट्रोल खाडीत ओतू नका. बंद कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत ‘भेसळ’ लिहून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. आणि तो कॅन धक्क्यावर ठेवू नका.