डेक ऑफ मेनी थिंग्ज: पान ओढलं की पात्र मेलंच?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र चालवायचा खेळ. तो खेळणारे वर्षानुवर्षं सांगत आलेत, की ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ हा त्यातला जादूचा पत्त्यांचा जोड हाती आला की पात्र संपलंच. २०१४च्या नियमांत तसं नाही. नेहमीच्या १३ पानांच्या जोडात सहा पानं चांगली, सहा वाईट. उरलेला ‘जेस्टर’ १०,००० अनुभवगुण (पात्राची ताकद वाढवणारे गुण) देतो, नाहीतर आणखी दोन पानं ओढू देतो. थेट जीव घेणारं पान एकही नाही. ‘स्कल’ (कवटी) हे पानसुद्धा फक्त मृत्यूच्या अवताराशी एकट्याने झुंजायला लावतं. खरा धोका वेगळाच. किती पानं ओढणार हे आधीच जाहीर करायचं असतं. मध्येच थांबलात, तर तासाभराने उरलेली पानं आपोआप उडून एकदमच लागू होतात. गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) निदान हा नियम तरी आधी मोठ्याने वाचून दाखवावा.