नाझारेची लाट : पार्श्वभूमी

ऑक्टोबर लागला की पोर्तुगालमधल्या नाझारे गावच्या जुन्या किल्ल्यावर माणसांची रीघ सुरू होते. किल्ल्यावर १९०३ सालचं लाल दीपगृह आहे, आणि खाली प्राया दो नोर्ते, म्हणजे उत्तरेचा किनारा. मार्चपर्यंत इथे अधूनमधून वीस मीटरहून उंच लाटा उठतात. ही लाट २०११ साली ‘सापडली’, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. नाझारेच्या कोळ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. फक्त तिच्यावर स्वार व्हावं असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

तिचं मूळ समुद्रतळाशी आहे. इथे किनाऱ्याच्या अगदी जवळून एक खोल घळ सुरू होते. दोनशे किलोमीटरहून लांब असलेली ही घळ पुढे जवळपास पाच हजार मीटर खोल जाते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर वादळं घोंघावतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात. उथळ पाण्यावरून येणारी लाट तळाला घासून मंदावते. घळीवरून येणारीला तळच लागत नाही, म्हणून तिचा वेग टिकतो. घळीच्या काठाशी ती वळते आणि शेजारून येणाऱ्या मंद लाटेला येऊन मिळते. दोन्ही एकमेकींवर चढतात. किनाऱ्यालगत वाहणारा प्रवाह समोरून आडवा येतो, तो तिला आणखी उचलतो. उन्हाळ्यात वादळं उत्तरेकडे सरकतात आणि हा सगळा खेळ थांबतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर याच्या उलट घडतं : आपला दर्या जून-जुलैत खवळतो आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात.

गावाला १९८० च्या दशकापर्यंत बंदर नव्हतं. दक्षिणेच्या वाळूवरूनच होड्या फुटत्या लाटांत लोटायच्या आणि तशाच परत आणायच्या. त्यात माणसं गेली. काळे कपडे घालून समुद्राकडे तोंड करून बसलेल्या बायका ही नाझारेची जुनी ओळख आहे, आणि लाटेचा इतिहास सांगताना त्यांना वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

२००५ मध्ये गावातल्या एकाने या लाटेचा फोटो हवाईच्या गॅरेट मॅकनमारा या सर्फरला पाठवला. तो आला २०१० मध्ये. पोर्तुगीज नौदलाच्या जलसर्वेक्षण संस्थेच्या मदतीने त्याने आधी तळ समजून घेतला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये २३.७७ मीटरची लाट पार केली. या लाटा इतक्या वेगाने येतात की हातांनी पाणी कापून त्या गाठता येत नाहीत. जेट-स्कीने, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरने, सर्फरला ओढून न्यावं लागतं. ब्राझीलची माया गाबेइरा २०१३ मध्ये इथे बुडता बुडता वाचली. तीच परत आली आणि २०२० मध्ये २२.४ मीटरच्या लाटेवर महिलांचा विक्रम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉयटनरने २६.२१ मीटरची लाट घेतली. तिला विक्रम म्हणून मान्यता मिळाली २०२२ च्या मे महिन्यात, कारण उंची ठरते ती फोटोंवरून, आणि लाटेचा पायथा नेमका कुठे धरायचा यावर बराच खल होतो.

आज सगळ्या जेट-स्की निघतात त्या कोळ्यांसाठी बांधलेल्या त्याच बंदरातून. बंदराचं तोंड घळीच्या माथ्याशी आहे. तिथे लाटांचा जोर दोन्ही बाजूंना पांगतो, त्यामुळे उत्तरेला डोंगराएवढं पाणी उभं असतानाही होडी आत आणता येते.