नेतृत्व कोचिंग

अधिकारपदावरील व्यक्तीने प्रशिक्षित कोचबरोबर ठरावीक काळ, बहुधा काही महिने, एकास एक भेटी घेऊन स्वतःच्या कामाच्या पद्धतीत बदल घडवण्याची रीत. कोच वर्ग घेत नाही, सल्लागारासारखा अहवालही देत नाही. तो प्रश्न विचारतो, ऐकतो आणि आधीच्या भेटीत ठरलेले प्रत्यक्षात किती उतरले, याची विचारणा करतो.

नेतृत्वाच्या सिद्धांतांची वाण कधीच नव्हती. कुर्ट लेविन व सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक देणाऱ्या नेतृत्वशैलींची तुलना मांडली. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांचे एक्स आणि वाय सिद्धांत आले: पहिला माणसाला मुळात कामचुकार मानतो, दुसरा स्वयंप्रेरित. व्यवस्थापनाचा कोणताही पदवीधर यांवर परीक्षेत चार पाने लिहील. घोडे अडते ते दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत. त्याचे नेमके निदान क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये केले: माणूस आपला म्हणून जो सिद्धांत सांगतो तो एक असतो, आणि त्याच्या वागण्यातून दिसतो तो दुसराच, ही तफावत त्याच्या स्वतःच्या सहसा लक्षात येत नाही.

ती दाखवण्यासाठी आर्जिरिस यांचा एक साधा सराव कोच आजही वापरतात. अवघड गेलेला एखादा संवाद आठवून कागदाच्या उजव्या बाजूला बोललेले शब्द लिहायचे आणि डाव्या बाजूला मनात आलेले पण न बोललेले. उजवीकडे ‘तुमचे मत मोकळेपणाने सांगा’ आणि डावीकडे ‘निर्णय तर झालाच आहे’ असे निघाले, की सहभागी नेतृत्वावरचे व्याख्यान द्यायची गरज उरत नाही.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला आणि पुढे ‘परिस्थितीनुरूप नेतृत्व’ या नावाने रुळलेला सिद्धांतही असाच हाताळला जातो. नेत्याने सूचना किती द्याव्यात आणि मोकळीक किती, हे समोरच्याच्या तयारीवर ठरते, असे तो सांगतो. ही तयारी माणसागणिक नव्हे, कामागणिक बदलते, आणि अंमलबजावणीत नेमके हेच निसटते. हिशेबात तरबेज असलेल्या सहकाऱ्याला ग्राहकाशी वाटाघाटी करायला एकटे पाठवले जाते आणि वर त्याला विश्वास म्हटले जाते. अशा वेळी कोच एक माणूस आणि एक काम निवडायला लावतो: या कामात त्याला काय येते, हे तुम्हाला कशावरून कळले?

कोचिंगची आजची घडण बरीचशी क्रीडाक्षेत्रातून आली. टिमथी गॅल्वी यांच्या टेनिसविषयक पुस्तकाने (१९७४) सूचनांपेक्षा खेळाडूच्या स्वतःच्या निरीक्षणावर भर दिला. पूर्वाश्रमीचे मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये ध्येय, वास्तव, पर्याय आणि निर्धार या चार टप्प्यांचा, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ग्रो’ म्हटला जाणारा आराखडा लोकप्रिय केला. आराखडा तासाभरात समजतो. सल्ला देण्याचा मोह आवरायला मात्र वर्षे लागतात. गुगलचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी एरिक श्मिट यांना कोच घेण्याची सूचना आधी रुचली नव्हती. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे एकेकाळी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते.

परिणामांबद्दल अमेरिकेतील एका सार्वजनिक संस्थेतला १९९७ चा अभ्यास नेहमी उद्धृत होतो. ३१ व्यवस्थापकांना आधी प्रशिक्षण आणि नंतर आठ आठवडे कोचिंग मिळाले. उत्पादकतेतील वाढ केवळ प्रशिक्षणानंतर २२.४ टक्के, तर कोचिंगची जोड दिल्यावर ८८ टक्के नोंदली गेली. जाहिरातींत हा आकडा दिमाखात झळकतो. गट लहान होता, हे त्यांत क्वचितच सांगितले जाते. २०१४ आणि २०१६ मधील, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांनीही कोचिंगचा परिणाम अनुकूल ठरवला. त्यांतल्या दुसऱ्यात बाहेरच्या कोचपेक्षा संस्थेतल्याच कोचचा प्रभाव अधिक आढळला, हे या व्यवसायाला फारसे सोयीचे नाही.

कोच म्हणवून घेण्यासाठी बहुतेक देशांत परवाना लागत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघासारख्या संस्था प्रमाणपत्रे देतात, पण ती ऐच्छिक आहेत. शुल्क कंपनी भरते आणि मन मोकळे करतो अधिकारी. म्हणून काय गोपनीय राहील आणि वरिष्ठांना काय कळवले जाईल, हे पहिल्या भेटीआधीच तिघांनी लेखी ठरवणे इष्ट मानले जाते. नैराश्यासारख्या तक्रारी दिसल्या, तर कोचने त्या स्वतः न हाताळता मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे, अशी अपेक्षा असते.