बाथटबवरचे झुंबर आणि तीन फुटांचा नियम

बाथटबच्या काठापासून आडवे ३ फूट आणि काठाच्या वर ८ फूट एवढ्या जागेत साखळीने किंवा वायरीने लोंबणारा दिवा, ट्रॅकवरचे दिवे वा छताचा पंखा यांचा कोणताही भाग येता कामा नये, असा नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत दिव्यांच्या प्रकरणात आहे. हे आकडे शिंतोडे कुठवर उडतात ते मोजून ठरवले असावेत, असा समज सहज होतो; पण नियमाचा रोख पाण्यापेक्षा हातावर आहे. टबाच्या काठावर उभ्या राहिलेल्या ओल्या माणसाचा हात जिथवर पोहोचेल, तिथे धरता येईल असे काही लोंबू नये, हा त्यामागचा विचार.

ही संहिता प्रथम १८९७ मध्ये निघाली, तेव्हा तिचा मुख्य शत्रू आग होता. शॉकचा बारकाईने अभ्यास बराच पुढे झाला. बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार माणसाला स्वतःहून कितपत करंटपर्यंत सोडता येते, ते मोजले. पुरुषांत ही सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांत साडेदहा निघाली. कोरडी त्वचा बराच विरोध करते. ओल्या अंगाचा रोध मात्र हजार ओहमांच्या आसपास उतरू शकतो, आणि १२० व्होल्टला त्यातून १२० मिलिअँपिअर वाहतात. १५ अँपिअरच्या फ्यूजला याची गंधवार्ताही लागत नाही. त्यातच जुने बिडाचे टब धातूच्या नळांमुळे जमिनीशी जोडलेले असत, म्हणजे आत बसलेल्या माणसाचे आयतेच अर्थिंग झालेले. (आपल्याकडे बादलीत सोडलेल्या हीटरच्या रॉडचा धोका याच जातीचा.)

११ मार्च १९७८ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच गायक क्लोद फ्रान्स्वा याचा न्हाणीघरात शॉक लागून मृत्यू झाला. टबात असताना भिंतीवरचा वाकडा दिवा सरळ करायला त्याने हात लावला, असे सांगितले जाते.

डॅलझिएल यांनीच पुढे ५ मिलिअँपिअरच्या आसपास गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण घडवले, आणि १९७५ च्या संहितेने न्हाणीघरातील प्लगना ते सक्तीचे केले. प्लगना, दिव्यांना नव्हे. म्हणूनच दिव्यांच्या बाबतीत अंतराचे महत्त्व टिकले. ब्रिटनने निराळी वाट धरली: तिथे टबाभोवतीची जागा ०, १ आणि २ अशा विभागांत वाटतात आणि २००८ पासून न्हाणीघरातील दिव्यांच्या सर्किटलाही ३० मिलिअँपिअरचे संरक्षण मागितले जाते. मला ही रीत अधिक शहाणपणाची वाटते.

अमेरिकी नियमात छतात बसवलेल्या दिव्याला टबावर मज्जाव नाही. मात्र काठाच्या वर ८ फुटांच्या आत तो दमट जागेसाठीचा, आणि शॉवरचा फवारा पोहोचत असेल तर ओल्या जागेसाठीचा अशा शिक्क्याचा लागतो. एक्झॉस्ट फॅनही तीन फुटांच्या बंदीत येत नाही, फक्त तो टबावर चालेल असे उत्पादकाच्या सूचनांत असावे लागते, आणि त्या सूचना बहुधा गळती-संरक्षित सर्किट मागतात. अडते ते झुंबर. काठ जमिनीपासून दीड फूट धरला, तर झुंबराचे सर्वांत खालचे लोलक साडेनऊ फुटांच्या वर हवे, आणि अमेरिकेतल्या साध्या घरात छतच ८ फुटांवर असते.